लिनक्सवर नेटवर्क कार्ड चालत नाही? क्रमाने तपासा

संगणक आता केवळ मोठ्या कारखान्यांची वस्तू राहिलेली नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीला माल पुरविणारे लघुउद्योजक असोत, चिंचणीकडील डाय-मेकिंगचे कारागीर असोत की पालघर बाजारातील दुकानदार, बिल, कोटेशन आणि जीएसटीसाठी तो सर्वांनाच लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत पाठिंबा संपला आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स घालता येते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली मोफत मिळते आणि दुसऱ्याला देताही येते. चोरीची प्रत वापरणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क मारणे. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी हा सरळ मार्ग आहे.

मात्र लिनक्स घातल्यावर पुष्कळांची पहिली तक्रार असते की इंटरनेट लागत नाही. ही तक्रार किरकोळ नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याची ३-बी ची मुदत २० तारीख असते. ती चुकली की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क, व्यवहार शून्य असल्यास २० रुपये, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याला हे अधिकच बोचते. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलाविण्यापूर्वी काय पाहावे, ते आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

१) वायर : केबल जिथे घुसते तिथला छोटा दिवा पाहा. तो लागत नसेल तर केबल बदला, राउटरचे दुसरे भोक वापरून पाहा. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत पितळी-तांब्याचे भाग लवकर गंजतात, हे लक्षात ठेवा.

२) पूर्ण वीज बंद : एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज बंद झाल्यावरही कार्ड कधी कधी झोपलेलेच राहते. यंत्र बंद करून प्लग काढा, मिनिटभर थांबा, मग सुरू करा.

३) कार्ड दिसते का : कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबा. बहुतेक लिनक्समध्ये टर्मिनल उघडते. तेथे छोट्या इंग्रजी अक्षरांत एल-एस-पी-सी-आय, मग जागा सोडून डॅश आणि के असे लिहा. यादीत इथरनेट किंवा नेटवर्क कार्डाचे नाव आहे, पण त्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळ नाही, असे दिसले तर दोष ड्रायव्हरचा समजावा. नावच नसेल तर कार्ड सैल आहे, बायोसमध्ये बंद आहे किंवा जळाले आहे. पावसाळ्यात विजा कडाडून गेल्यावर हे संभवते. यूएसबीचे कार्ड असेल तर मात्र एल-एस-यू-एस-बी लिहून पाहावे.

४) ड्रायव्हर आणायचा कसा : इंटरनेट नाही, मग ड्रायव्हर कुठून आणणार? मोबाइल यूएसबी वायरने जोडा आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स बहुधा ते लगेच ओळखते. मग उबुंटू किंवा मिंटमधील ड्रायव्हरची खिडकी उघडून सुचविलेला ड्रायव्हर घ्या. ब्रॉडकॉमच्या वायफाय कार्डांना याची गरज बरेचदा पडते.

५) वायफाय कुलूपबंद आहे का : आर-एफ-किल, जागा, लिस्ट असे लिहा. हार्ड ब्लॉक ‘यस’ असेल तर लॅपटॉपवरील वायफायचे बटण दाबा. सॉफ्ट ब्लॉक असेल तर लिस्टऐवजी अनब्लॉक, जागा, ऑल लिहा.

६) पत्ता मिळाला का : आय-पी, जागा, ए लिहा. आकडा मुळीच नाही किंवा १६९.२५४ ने सुरू होतो, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

७) शेवटची कसोटी : पिंग, जागा, ८.८.८.८ लिहा. उत्तर येते पण वेबसाइट उघडत नाही, तर कार्ड निर्दोष आहे. दोष नाव शोधणाऱ्या डीएनएसचा आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून तोच आकडा भरा. उत्तर येत नसेल तर आधी राउटरच्या पत्त्यावर पिंग करा. तेथून उत्तर आले, तर बिघाड बहुधा आपल्या दुकानाबाहेर, कंपनीच्या लाइनमध्ये आहे.

कार्ड जळालेच असेल तर घाबरू नये. यूएसबीला लागणारे लॅन कार्ड बाजारात मिळते, मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. काय केले आणि काय दिसले ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी तुमचे किंवा शेजारच्या दुकानदाराचे काम, इन्शाअल्लाह, पाच मिनिटांत होईल.