एकदांडी की गाजरगवत? आधी पाहू, मग हात लावू



मधल्या सुट्टीत एका मुलाचं ढोपर फुटलं. "बाई, दगडीपाला आणतो!" म्हणत दोघं-तिघं कुंपणाकडे पळाली. एकाने आणलेला पाला बरोबर होता, पण दुसऱ्याच्या मुठीत चक्क गाजरगवत होतं! दोन्हींना पांढरी फुलं, दोन्ही पडीक जागेत शेजारी शेजारी वाढलेली. त्या दिवशी ठरवलं, पुढचा परिसर अभ्यासाचा तास कुंपणापाशीच घ्यायचा.

दगडीपाला म्हणजेच एकदांडी किंवा कंबरमोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, पण आता रस्त्याकडेला, बांधावर, बांधकामाच्या मातीत, भिंतीच्या फटीतही दिसते. गाजरगवतही तिकडचंच. भारतात त्याच्या फैलावाकडे लक्ष गेलं ते १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यात.

मुलांना ओळख अशी करून द्या:

१. पान पाहा. एकदांडीची पानं समोरासमोर जोडीने येतात. ती अखंड, कडेला करवतीसारखे दाते असलेली आणि खरखरीत, केसाळ असतात. गाजरगवताचं पान गाजराच्या पानासारखं बारीक चिरलेलं असतं.

२. दांडी पाहा. एकदांडीचं खोड जमिनीवर पसरतं. त्यातून लांब, बिनपानांची दांडी वर येते आणि तिच्या टोकाला एकच फूल असतं. म्हणून नाव एकदांडी! गाजरगवत उभं वाढतं, त्याला खूप फांद्या फुटतात आणि टोकाला बारीक फुलांचे झुबकेच्या झुबके येतात.

३. फूल पाहा. एकदांडीचं फूल मधे पिवळं, कडेला बहुधा पाच फिकट पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. गंमत म्हणजे हे एक फूल नाहीच! सूर्यफुलासारखा तो अनेक फुलांचा गुच्छ आहे. प्रत्येक 'पाकळी' हे एक फूल आणि मधला प्रत्येक पिवळा ठिपका हेही एक फूल. भिंगातून दाखवा, मुलं हरखून जातात. फूल सुकलं की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. दर पावसाळ्यात नवी रोपं उगवतात ती अशी.

एक सावधगिरी. गाजरगवताचं कोवळं रोपही जमिनीला चिकटून पसरलेलं असतं, त्याला तेव्हा फूलही नसतं. अशा वेळी 'जमिनीवर पसरलंय' एवढ्यावर विसंबू नका, खूण पानाचीच धरा. गाजरगवताच्या स्पर्शाने अंगाला खाज, पुरळ येऊ शकते आणि त्याच्या परागकणांनी शिंका, दम्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून ओळख पटेपर्यंत हात मागे!

आणि जखमेचं काय? आपल्या आज्या एकदांडीचा रस लावायच्या, हे मुलांना जरूर सांगा. पण कुंपणापाशी धूळ असते, कुत्री-मांजरं फिरतात. शाळेत मात्र जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवायची, प्रथमोपचार पेटी उघडायची आणि मोठ्यांना सांगायचं.

गृहपाठ सोपा आहे. घरापासून शाळेपर्यंत एकदांडी किती ठिकाणी दिसली ते मोजायचं आणि एका रोपाचं चित्र काढून पान, दांडी, फूल यांना नावं द्यायची. तोडायचं काहीच नाही. त्या फुलांवर फुलपाखरंही येतात, तीही मोजा!

पालकांनो, रविवारी फिरायला जाल तेव्हा मुलांनाच विचारा, "हे कोणतं रे?" आणि उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारा, "कशावरून?" खरा अभ्यास त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.