हळद-मसाल्याच्या शेडमध्ये हवेचा मीटर: आकडा कसा वाचायचा?

व्हिडिओत मीटर दाखवला, आता तो वापरायचा कसा ते बघू.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या शहरांच्या यादीत सांगली आहे, सातारा नाही. पण सातारकरांनी लगेच निर्धास्त होऊ नये. शहरातलं केंद्र शहराची हवा मोजतं. तुमच्या हळद पॉलिशच्या किंवा मिरची कांडपाच्या शेडमध्ये कामगाराच्या नाकात काय जातंय, ते तुम्हालाच मोजावं लागतं.

काही हजारांत मिळणाऱ्या मीटरमध्ये छोटा पंखा हवा आत ओढतो. लेसरचा प्रकाश कणांवर पडून विखुरतो आणि त्यावरून मीटर अंदाज बांधतो. गोची इथेच आहे. पीएम २.५ म्हणजे बारीक कण तो बऱ्यापैकी पकडतो, पण हळदीची, पिठाची धूळ बरीचशी जाड असते, ती त्याला नीट दिसत नाही. डोळ्यांना धूळ दिसतेय आणि पीएम १० चा आकडा कमी येतोय? मग डोळ्यांवर विश्वास ठेवा. उलट महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळी धुक्यात मीटर पाण्याचे थेंबच कण म्हणून मोजतो आणि आकडा उगाच चढतो.

पीएम २.५ ची आपल्याकडची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती बाहेरच्या हवेची, २४ तासांची सरासरी. मिनिटभराच्या उसळीशी तिची तुलना करू नका.

तुलना स्वतःच्याच शेडशी करा. मीटर कामगाराच्या नाकाच्या उंचीवर ठेवा, पंख्याच्या झोतात नको. मशीन बंद असताना, चालू असताना, चाळताना, पोतं ओतताना आणि झाडलोट करताना १५-१५ मिनिटांचा आकडा वहीत लिहा. मग एकच गोष्ट बदला: कॉम्प्रेसरने हवा मारणं बंद करून औद्योगिक व्हॅक्यूम वापरा, नाहीतर पोतं ओतायच्या तोंडाला झाकण आणि धूळ ओढणारा पाइप लावा. पुन्हा मोजा. मोजून झालं की मीटर डब्यात ठेवा, कारण धुळीत कायम राहिला तर त्याचा सेन्सरच माखतो.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, घट्ट बसणारा एन-९५ द्या.

आणि एखाद्याचा खोकला सुट्टीला कमी होऊन कामावर आला की परत सुरू होत असेल, तर मीटर हिरवा असला तरी त्याला डॉक्टरांकडे पाठवा. तो कोणत्या धुळीत काम करतो, हे चिठ्ठीवर लिहून द्या.