संगणकाचा तास : हातातले काम पुरे करूनच थांबा

समजा शाळेच्या संगणकावर पालकांना निकालाचे निरोप पाठवणारा प्रोग्राम दिवसरात्र चालू आहे. निरोप रांगेत येतात. प्रोग्राम एकेक उचलतो, पाठवतो आणि रांग रिकामी असेल तर वाट पाहत बसतो. तो बंद कसा करायचा?

लिनक्समध्ये दोन संकेत लक्षात ठेवा. ९ क्रमांकाचा ‘सिगकिल’ प्रोग्रामला अडवता येत नाही. तो जागच्या जागी संपतो आणि हातातला निरोप अर्धवट राहतो. १५ क्रमांकाचा ‘सिगटर्म’ ही विनंती असते. ती आली की प्रोग्रामने नवा निरोप उचलू नये, हातातला पुरा करावा आणि मग बाहेर पडावे.

पण रिकाम्या रांगेपाशी बसून राहिलेल्या प्रोग्रामला थांबायचे आहे हे कळणार कसे? याला दोन उपाय आहेत. एकेक सेकंदच वाट पाहून दरवेळी विनंती आली का ते तपासावे. किंवा रांगेच्या शेवटी ‘आता थांब’ असा खास निरोप टाकावा. दुसऱ्या उपायात आधीचे सगळे निरोपही पुरे होतात.

वेळ मात्र मोजकाच मिळतो. वेगळे सांगितले नसेल तर डॉकर १० सेकंद आणि कुबर्नेटिस ३० सेकंद थांबते. मग सिगकिल येतोच. म्हणून रांगेला पोच नेहमी काम झाल्यावरच द्यावी. पोच नसलेला निरोप रांगेत परत येतो, हरवत नाही.

विचार करा : निरोप गेला, पण पोच देण्याआधीच वीज गेली, तर पालकांना काय दिसेल?

उत्तर : तोच निरोप दोनदा.