गर्दीच्या रस्त्यावर सायकल

शहरातल्या रस्त्यावर सायकलस्वाराची जागा मधली असते. मोटारीपुढे तो उघडा पडतो आणि पायी चालणाऱ्यापुढे तोच वेगवान वाहनवाला ठरतो. दोन्हीकडचं भान ठेवायचं तर काही गोष्टी नीट शिकून घ्याव्या लागतात. पुण्यात अकरावीला गेलेला ईशान आता कॉलेजला सायकलने जाणार आहे. वर्षानुवर्षं याच शहरात सायकल चालवणाऱ्या आपल्या आत्याला तो त्याविषयी विचारतो.

ईशान : आत्या, सायकलला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. मग वाहतुकीचे नियम आपल्याला लागू होतात का?

आत्या : होतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहन नाही, म्हणून लायसन्स नाही. पण डावी बाजू, सिग्नल, एकेरी रस्ता हे सायकलवाल्यालाही पाळायचंच आहे. रस्त्यावर प्रत्येक जण समोरचा पुढे काय करणार याचा अंदाज बांधत असतो. तो अंदाज चुकला की धडक होते. आपण काय करणार आहोत ते इतरांना आधी कळलं पाहिजे. एवढं सूत्र धरलंस की बाकीचे नियम त्यातूनच निघतात.

ईशान : पण थोडंसंच जायचं असलं तर राँग साइडने काय बिघडतं? समोरून येणारी गाडी दिसते तरी.

आत्या : दिसते, पण सावरायला वेळ उरत नाही. तुझा वेग ताशी 15 किलोमीटर आणि गाडीचा 40 धर. दोघं एकाच दिशेने जात असाल तर गाडी ताशी 25 च्या वेगाने तुझ्याजवळ येते. समोरासमोर असाल तर 55 च्या. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडूनच यायला हवीत. तू येतोस डावीकडून. त्याची नजर तुझ्यावर पडतच नाही.

ईशान : म्हणजे डाव्या कडेला अगदी चिकटून चालवायची?

आत्या : डावीकडून, पण चिकटून नाही. कडेला गटाराच्या जाळ्या, चेंबरची झाकणं, वाळू, पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यामधली भेग असं काय काय असतं. ते चुकवायला तू ऐन वेळी उजवीकडे येतोस आणि मागच्याला ते अपेक्षित नसतं. म्हणून कडेपासून अर्धा ते एक मीटर जागा सोडायची आणि सरळ रेषेत जायचं. उभ्या गाड्यांची रांग असली तर दार उघडलं तरी लागणार नाही इतकं, म्हणजे किमान एक मीटर, अंतर हवं. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, असं करायचं नाही.

ईशान : दार उघडणार हे आधी कळू शकतं का?

आत्या : बरेचदा कळतं. मागच्या काचेतून चालकाच्या सीटवर डोकं दिसतंय का बघ. ब्रेकलाइट नुकताच विझला असेल तर कुणीतरी उतरणार. पुढची चाकं रस्त्याकडे वळलेली असली तर गाडी निघणार. मोटारवाल्यांनाही एक सवय लावता येते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो; त्याने दार डाव्या हाताने उघडलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय चांगली रुजलेली आहे.

ईशान : आणि उजवीकडे वळायचं असलं तर? मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आत्या : क्रम ठरलेला ठेवायचा. आधी खांद्यावरून मागे बघायचं, मग उजवा हात सरळ बाहेर काढून दाखवायचा, पुन्हा बघायचं आणि मागच्याने जागा दिली तरच सरकायचं. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली असं नाही. मोठ्या चौकात दोन टप्प्यांत वळणं सोपं. हिरव्या दिव्यावर डावीकडूनच सरळ चौक ओलांडायचा, पलीकडे वाट न अडवता थांबायचं, सायकल वळवायची आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघायचं. तेही जमणार नसेल तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून न्यायची.

ईशान : सिग्नलला बसच्या डाव्या बाजूने पुढे जायला जागा असते. तिथून जाऊ का?

आत्या : तिथून कधीच जायचं नाही. बस किंवा ट्रक डावीकडे वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती कोपरा कापत आतून येतात. वाहन जितकं लांब तितकी ती जास्त आत येतात. सुरुवातीला बस आणि पदपथ यांच्यात दीड मीटर जागा दिसते, वळता वळता ती संपते आणि सायकलवाला मध्ये सापडतो. त्यातून डाव्या बाजूचं बरंचसं चालकाला आरशात दिसतही नाही. तुला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस असंच धर आणि मागे थांब.

ईशान : रस्त्यावर इतका धोका असेल तर फूटपाथवरून गेलेलं बरं नाही का?

आत्या : नाही. फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे. तिथे म्हातारी माणसं असतात, आईचा हात सोडून पळणारं मूल असतं, काठीने चाचपत जाणारी अंध व्यक्ती असते. त्यांना मागून येणाऱ्या सायकलचा आवाज येत नाही. ताशी 15 च्या वेगाने तू सेकंदाला चार मीटरहून जास्त पुढे जातोस. माणूस अचानक वळला, तर तू ब्रेक दाबेपर्यंत ते अंतर संपलेलं असतं. जायचंच असेल तर उतरून चालत जा. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी ओलांडत असेल तर रेषेच्या अलीकडे थांब. बसथांब्यावर बस उभी असली की उतरणारे आणि धावत येणारे दोन्ही असतात. तिथे वेग कमी कर. घंटी लांबूनच हलकी वाजवायची. अगदी पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकतो आणि नेमका आडवा येतो.

ईशान : अचानक थांबायचं झालं तर कोणता ब्रेक दाबायचा?

आत्या : दोन्ही. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. तो एकदम आवळायचा नाही. अंग थोडं मागे घेऊन दाब वाढवत न्यायचा. पावसात रिम ओली असते, रबर घसरतं, म्हणून आधीपासून ब्रेक लावायचा. ओलं लोखंडी झाकण आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे असतात. त्यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असंच समजायचं.

ईशान : आणि संध्याकाळी क्लासहून येताना?

आत्या : पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर. दिवा रस्ता दिसण्यासाठी असतो, तितकाच आपण दिसण्यासाठी. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, आडवं बसलेलं आणि पट्टा बांधलेला हवा. कानात इअरफोन नको. मागची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.

ईशान : हे सगळं सायकलवाल्यानेच करायचं? मोटारवाल्यांची काहीच जबाबदारी नाही?

आत्या : त्यांची जास्त आहे. वेग 30 वरून 50 झाला की धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते, आणि ती सोसावी लागते बाहेरच्या माणसाला. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवण्याचं कायदेशीर बंधन आहे. आपल्याकडेही 2017 च्या वाहनचालन नियमांप्रमाणे पदपथावर आणि सायकल मार्गावर मोटार वाहन नेता येत नाही. ते काटेकोर पाळलं जावं, असा आग्रह नागरिकांनी धरलाच पाहिजे. पण प्रत्येक चालक नियम पाळेल असं गृहीत धरून मात्र सायकल चालवायची नाही.

ईशान : मग सुरुवात कुठून करू?

आत्या : वाट निवडण्यापासून. सर्वांत जवळची वाट सर्वांत चांगली असेलच असं नाही. हमरस्त्याला समांतर आतले रस्ते असतात; थोडं लांब पडलं तरी तिथे वेग कमी असतो. रविवारी सकाळी गर्दी नसताना कॉलेजपर्यंत जाऊन ये आणि अवघड चौक, खड्डे, बसथांबे हेरून ठेव. निघण्याआधी रोज टायरमधली हवा, दोन्ही ब्रेक, चेन आणि दिवे तपास. आणि घरून दहा मिनिटं आधी नीघ, कारण घाईत असलेला माणूस सिग्नलही तोडतो आणि बसच्या डावीकडूनही घुसतो.