सिंत्र्याचा पेना राजवाडा

युरोपच्या नकाशात अगदी पश्चिमेच्या टोकाला पोर्तुगाल हा देश शोधा. त्याची राजधानी लिस्बन. तिथून आगगाडीने सुमारे पाऊण तासात आपण सिंत्रा या गावी पोहोचतो. गावामागच्या डोंगरावर गर्द झाडी आहे आणि माथ्यावर लाल-पिवळ्या रंगाचा एक वाडा उभा आहे. बुरूज, तटबंदी, घुमट पाहून तुम्हाला वाटेल, हा एखादा लढाऊ किल्ला असावा. पण तो लढाईसाठी बांधलेलाच नाही. तिथे पूर्वी ख्रिस्ती साधूंचा मठ होता!

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्युएल राजाने हा मठ बांधवला. याच राजाच्या काळात, १५१० साली, पोर्तुगिजांनी आपल्याकडचे गोवे जिंकले. पुढे १७५५ मध्ये लिस्बनच्या मोठ्या भूकंपात मठाची पडझड झाली. प्रार्थनामंदिर मात्र बरेचसे वाचले. १८३४ मध्ये सरकारने देशातील मठ बंद केले. साधू निघून गेले आणि ओसाड भिंती उरल्या.

१८३८ मध्ये राणी दुसरी मारिया हिचा पती फर्डिनांड याने ती पडकी वास्तू विकत घेतली. दुसरा कोणी असता, तर त्याने जुने सारे पाडून टाकले असते. फर्डिनांडने प्रार्थनामंदिर आणि ओवऱ्यांचे अंगण जपले व त्यांना लागून नवा वाडा बांधला. तिथे गेलात तर रंगांकडे नीट पाहा. लाल भाग जुन्या मठाचा, पिवळा नव्या वाड्याचा. मध्यंतरी रंग उडून सारा वाडा करडा दिसू लागला होता. विसावे शतक संपता संपता त्याला मूळ रंग पुन्हा देण्यात आले.

समोरच्या टेकडीवर मुस्लिम राज्यकर्त्यांनी हजारएक वर्षांपूर्वी बांधलेला किल्ला आहे. त्याचीही डागडुजी फर्डिनांडनेच करवली.

वाडा पाहून लगेच परतू नका. मला तर वाड्यापेक्षा खालचे उद्यानच अधिक मोलाचे वाटते. ते सुमारे ८५ हेक्टरांवर पसरले आहे. त्या काळी हा डोंगर बराचसा उघडाबोडका होता. तिथे फर्डिनांडने उत्तर अमेरिकेतील सिक्वोया, जपानमधील क्रिप्टोमेरिया, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे झाडाएवढे उंच नेचे लावले. समुद्रावरून येणारे धुके त्यांना ओलावा देते. पायवाटा मुद्दाम वळणावळणाच्या केल्या आहेत. एका वळणावर वाडा दिसतो, पुढच्या वळणावर नाहीसा होतो. खालच्या तळ्यांत बदकांसाठी बुरुजाच्या आकाराची घरे आहेत. मुले तिथून हलत नाहीत! वाडा काही वर्षांत उभा राहिला, पण सिक्वोया वाढायला शेकडो वर्षे लागतात. १८८५ मध्ये फर्डिनांड वारला, तेव्हा त्याची झाडे कोवळीच होती.

मृत्युपत्रात, म्हणजे वसीयतनाम्यात, त्याने वाडा आणि उद्यान आपल्या दुसऱ्या पत्नीच्या नावे केले होते. यावरून देशात मोठा वाद झाला. ही ऐतिहासिक वास्तू एका व्यक्तीच्या मालकीची कशी, असे लोक विचारू लागले. अखेर १८८९ मध्ये सरकारने ती विकत घेतली.

१९१० मध्ये पोर्तुगालमधील राजेशाही संपली. देश सोडण्यापूर्वीची शेवटची रात्र राणी अमेलियाने याच वाड्यात काढली. वाड्याचे पुढे संग्रहालय झाले. तिथल्या खोल्या आजही त्या वर्षी होत्या तशाच मांडून ठेवल्या आहेत.