भोजनातील मात्रा : आपले ताट आणि आपली मुले



धम्म विहारात ऐकावयाचा आणि घरी आचरावयाचा असतो. घरातील आचरण दिवसातून दोन वेळा ताटावर दिसते. म्हणून या पंधरवड्याचा पाठ आपण जेवणाविषयी घेतला आहे.

१. कोसल राजाची कथा

संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात प्रसेनजित राजाची एक कथा आहे. राजाचा आहार फार मोठा होता. एके दिवशी तो भरपेट जेवून धापा टाकीतच भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास करावयास सांगितले नाही, की त्याची थट्टाही केली नाही. जो सावधपणे, मात्रा जाणून जेवतो त्याच्या वेदना कमी होतात व तो सावकाश म्हातारा होतो, एवढाच बोध त्यांनी केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो बोध पाठ करावयास लावला व रोज जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले. पुढे राजाचा आहार क्रमाक्रमाने कमी झाला आणि अंग हलके झाले.

यातून तीन गोष्टी शिकावयाच्या : बदल हळूहळू करावा, रोज आठवण ठेवावी, आणि कोणाचा अपमान करू नये. मात्रा जाणणे याला पालीत ‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणतात. मात्रा म्हणजे कमी खाणे असे नव्हे. ज्याला जेवढे हवे त्याला तेवढे मिळणे, ही मात्रा.

२. भरल्या ताटाचा मान

आपल्या घरांत मुलाला पुढ्यात बसवून ‘अजून खा’ असा आग्रह होतो. त्यामागे इतिहास आहे. कित्येक पिढ्या आपल्या वाट्याला मागून आणलेली शिळी भाकरीच आली. बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्चाटनावरील आपल्या १९३६ च्या ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावाची हकीकत दिली आहे. तेथे एका अस्पृश्य बांधवाने जेवणावळीत तूप वाढले, एवढ्या कारणावरून शेकडो लोक लाठ्या घेऊन पंगतीवर चालून आले व त्यांनी अन्नाची नासाडी केली. ज्या समाजाने हे सोसले, त्याला मुलाच्या हातात रंगीत पुडा आणि थंड पेयाची बाटली देताना अभिमान वाटला तर नवल नाही.

परंतु मान कशात आहे, हे तपासून पाहावे. आपल्या सोलापुरातच बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तेथे लेखनसाहित्य आणि कपडे यांबरोबर मुलांच्या जेवणाचीही सोय होती. शिकणाऱ्या मुलाला सकस अन्न हवे, ही जाण त्या कार्यात होती. चळवळीने मिळवून दिलेले ताट दुकानातील पुड्याच्या स्वाधीन करणे योग्य नव्हे.

३. लठ्ठपणा फक्त श्रीमंतांच्या घरी नाही

‘आमच्याकडे कुठला आलाय लठ्ठपणा,’ असे पुष्कळ जण म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. आकडा लहान आहे, पण तो वाढतो आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील याच वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. खुंटणे आणि लठ्ठपणा हे दोन्ही एकाच वस्तीत, कधी एकाच घरात नांदतात.

याचे मर्म पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो भरले. आपली बाळे दिसण्यात बारीक, परंतु त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक होती. असे बाळ पुढे भराभर लठ्ठ झाले तर त्याला मधुमेह व रक्तदाब यांचा धोका अधिक राहतो.

म्हणून पहिली मात्रा गरोदर सुनेच्या ताटाची. सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले तिने खावयाचे, ही रीत ज्या घरात आहे तेथे समता अजून चुलीपर्यंत पोचलेली नाही. सर्वांनी एकत्र बसून जेवावे. तिच्या ताटात डाळ, भाजी, अंडे किंवा मासळी आधी पडावी.

४. सोलापूरचे ताट

चांगल्या आहारासाठी महाग वस्तू लागत नाहीत. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी नावाजलेली आहे. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीच्या भाकरीत मैद्यापेक्षा चोथा पुष्कळ असतो, त्यामुळे भूक लवकर लागत नाही. तिच्या जोडीला तुरीचे वरण, मटकीची उसळ किंवा हुलग्याचे माडगे, मेथी-शेपू-अंबाडीची भाजी आणि कच्चा कांदा-काकडी घ्यावी. शेंगाची चटणी पौष्टिक खरी, पण तिच्यात तेल आणि मीठ असते. मुलाला चमचाभर पुरे. भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणानंतर पेरू खावा, म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा. तो लोह शोषू देत नाही.

ताटाचे ढोबळ माप असे : अर्धे ताट भाज्या व फळे, पाव ताट भाकरी वा भात, पाव ताट डाळ, उसळ, अंडे वा मांस-मासे.

आता बाटलीचा हिशेब पाहू. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. अशी साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला १,५०० उष्मांक घेणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम. एका बाटलीने ती मर्यादा ओलांडली. सकाळचा चहा-खारी आणि दुपारचा तळलेला पुडा यांचाही असाच विचार करावा.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति तेल, मीठ व साखरेचे पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे. पालकसभेत याची विचारणा करणे हा आपला हक्क आहे.

५. मुलांशी वागणूक

अंगाने भरलेल्या मुलाला ‘जाड्या’ म्हणू नये. नावे ठेवल्याने माणसाचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. वाढत्या मुलाला उपाशीही ठेवू नये. आरोग्यकेंद्रात उंची व वजन मोजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शाळकरी मुलाला रोज निदान एक तास धावण्या-खेळण्यास सोडावे आणि नऊ तास तरी झोप मिळू द्यावी. जेवताना मोबाईल व टीव्ही बंद ठेवावा. चित्राकडे लक्ष असले की पोट भरल्याचे कळत नाही. हा नियम वडीलधाऱ्यांनी आधी पाळावा.

या पंधरवड्याचा अभ्यास

१. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. घरातील एका मुलास सुदर्शनाचे काम द्यावे : जेवणाआधी त्याने सर्वांना मात्रेची आठवण करून द्यावी.
२. पुडे आणि बाटल्यांवर झालेला खर्च वहीत लिहावा. तेवढ्या पैशांत किती अंडी, किती पेरू आले असते, याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा.
३. आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते आणि तिच्या ताटात काय उरते, यावर कुटुंबात चर्चा करावी.

जय भीम.