जुन्या फोर-व्हील मिनी ट्रॅक्टरचं स्टेअरिंग जड झालंय? आधी दोष शोधा, मग पाना लावा



आजचा संदेश जरा लांब आहे. सवडीने वाचा, आणि घरी ट्रॅक्टर जो चालवतो त्याला नक्की वाचून दाखवा.

अवजार केंद्रावर सध्या एकच तक्रार पुन्हा पुन्हा येतेय. "स्टेअरिंग फिरता फिरत नाही, संध्याकाळी खांदे भरून येतात." सगळे ट्रॅक्टर साधारण एकाच जातीचे: १८-२० एचपीचे, चारही चाकांना जोर असलेले, पॉवर स्टेअरिंग नसलेले. पपई-केळीच्या ओळींत चालवायला घेतलेले. काही बचत गटांचे आहेत, समाजकल्याणच्या ९० टक्के अनुदान योजनेतून मिळालेले. ट्रॅक्टर वाईट नाहीत, वय झालंय आणि ग्रीस-ऑइलकडे दुर्लक्ष झालंय.

हा फक्त खांदेदुखीचा प्रश्न नाही. तळोद्याहून धडगावकडे चांदसैली घाटाने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वळणावर अर्धी चक्कर उशिरा बसली तर समोर दरी असते. ट्रॉलीत माणसं बसवू नयेत हे सगळ्यांना माहीत आहे, तरी बसतातच.

*सगळ्यात आधी लिव्हर बघा*

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा गोल घेतात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावं लागतं. पण फोर-व्हील लागलेलं असलं की पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. शेतात माती भुसभुशीत असते, टायर थोडा घसरतो आणि ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर टायर घसरत नाही. सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि तुमच्या हातावर येतो. म्हणून शेतातून बाहेर पडलं की फोर-व्हील काढायचं. लिव्हर गच्च बसली असेल तर लाथ मारू नका. ट्रॅक्टर दोन-चार फूट सरळ मागे घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर सहज निघते.

कधी कधी लिव्हर निघालेली दिसते, पण आतून फोर-व्हील सुटलेलंच नसतं. पुढची दोन्ही चाकं उचलून दोघांनी दोन बाजूंची चाकं एकाच वेळी पुढच्या दिशेला फिरवून बघा. फिरली तर सुटलेलं आहे. अडली तर लिव्हरच्या जोडणीत दोष आहे. एकट्याने एकच चाक फिरवून कळत नाही, कारण तेव्हा दुसरं चाक उलटं फिरतं आणि आपण फसतो.

टायर बदललेत का, तेही आठवा. मागचे नवे आणि पुढचे झिजलेले, किंवा दुसऱ्याच मापाचे बसवले, तर पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो. मग सरळ चालतानाही ट्रॅक्टर ओढल्यासारखा वाटतो.

*हवा आणि वजन*

बाभळीच्या काट्याने हळूहळू हवा जाते आणि पुढचा टायर बसका होतो, पण लग असलेल्या टायरला ते डोळ्यांनी कळत नाही. गेज लावून तपासा आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेली हवा दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. पुढे जाड चॅनेलचा बंपर वेल्डिंग करून घेतला असेल तर तेवढं वजन रोज हातांनी फिरवावं लागतं. मागे जड अवजार नसेल तेव्हा पुढची वजनं काढून ठेवा.

*आता खरी परीक्षा*

सपाट कडक जागा निवडा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके. पुढचा ॲक्सल जॅकने उचला आणि लगेच खाली मजबूत लाकडी ठोकळे द्या. विटांवर उभा करू नका, वीट फुटते. पुढची चाकं हवेत असताना इंजिन चालू करून फोर-व्हील टाकू नका. मागची चाकं जमिनीवर असतात, ट्रॅक्टर ठोकळ्यांवरून उडी मारून खाली येतो.

आता स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर पुन्हा हवा, वजन, लिव्हर बघा. चाकांचा टो-इनही मोजा, त्याची पद्धत खाली आहे.

हवेतही जड असेल तर स्टेअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडा. कॉटर पिन काढायची, नट ढिला करायचा पण पूर्ण काढायचा नाही. मग आर्मच्या डोळ्याला दोन्ही बाजूंनी दोन हातोड्यांनी एकदम ठोकायचं, टेपर सुटतो. आट्यांवर हातोडा मारला की नवा जॉइंट आणावा लागतो.

लिंक सुटल्यावर नुसतं स्टेअरिंग फिरवा. अजून जड असेल तर दोष बॉक्समध्ये किंवा दांड्यात. हलकं झालं तर दोष खाली चाकांकडे. मग टाय रॉडही सोडा आणि एकेक चाक हाताने डावीकडे-उजवीकडे वळवून बघा. जे चाक अडतं तिथे काम.

*स्टेअरिंग बॉक्स*

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग ढिलं वाटत होतं, म्हणून एका मिस्त्रीने बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला. ढिलेपणा गेला, मी खूश. पण सरळ चालताना स्टेअरिंग मधोमध गच्च होऊ लागलं आणि वळणानंतर चाकं आपोआप सरळ येईनात. महिनाभर तसाच चालवला. नंतर कळलं, ढिलेपणा बॉक्समध्ये नव्हताच, ड्रॅग लिंकचा बॉल जॉइंट झिजला होता. तोपर्यंत आतले दाते खरवडले गेले होते.

म्हणून ढिलेपणा कुठे आहे ते आधी शोधा. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. जिथे आधीचा तुकडा हलतो आणि पुढचा हलत नाही, तिथे झीज.

स्क्रू आवळायचाच असेल तर लिंक सोडून आणि चाकं सरळ असतानाच आवळा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या चकरा मोजा, निम्म्यावर मधला बिंदू सापडतो. दाते मध्यभागी सगळ्यात घट्ट जुळतात. बाजूला वळवलेल्या स्थितीत स्क्रू आवळला तर मध्यावर येताच गच्च होणारच. लॉकनट आवळताना स्क्रू पाना धरून जागेवर ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो. मग पुन्हा पूर्ण फिरवून बघा, कुठेही अडता कामा नये.

स्क्रूला हात लावण्याआधी बॉक्सचं ऑइल बघा. प्लग काढून बोट घाला. बऱ्याच ट्रॅक्टरांत इथे गिअर ऑइल असतं, काहींत ग्रीस. पुस्तिकेत असेल तेच घाला. ऑइल कमी असेल तर ड्रॉप आर्मच्या शाफ्टचा सील गळत असेल. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. धुताना प्रेशरचा पाइप थेट तिथे मारला जातो, ते टाळा. वरच्या दांड्याचं बुश कोरडं असेल तर तेही तपासा, दोन थेंब तेलाचं काम असतं.

*चाकांजवळचा भाग*

नवापूरकडे भाताच्या चिखलणीला फोर-व्हील वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. चाक ज्या खुंटीवर वळतं, तो किंगपिन आणि पुढचे गिअर एकाच डब्यात असतात. सीलजवळ चिखल सुकून दगड होतो, सील कापतो, आणि पाणी आत जातं. चिखलणीचा हंगाम संपला की दोन्ही डब्यांचा ड्रेन प्लग काढून ऑइल बघाच. दुधाळ निघालं तर बदला, लोखंडाचा बारीक चुरा दिसला तर बेअरिंग बघायला उघडावं लागेल.

ज्या ट्रॅक्टरला किंगपिनवर ग्रीस निपल आहे त्याला ॲक्सल उचलूनच ग्रीस करा. वजन खाली असताना ग्रीस जिथे घासतं तिथे पोहोचत नाही, बाजूने बाहेर येतं. निपल घेत नसेल तर काढून डिझेलमध्ये धुवा, भोकातलं सुकलेलं ग्रीस तारेने काढा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा.

टो-इन मोजायला दोन्ही पुढच्या टायरांवर मधोमध खडूने खूण करा, ॲक्सलच्या उंचीवर, पुढच्या बाजूला. अंतर मोजा. ट्रॅक्टर ढकलून खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणा, पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोड्या मिलीमीटरने कमी असावं. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एक-दोन इंचाचा फरक निघाला तर टाय रॉड वाकला आहे.

*वाकलेला टाय रॉड किंवा आर्म तापवून सरळ करू नका, आणि स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करू नका.* तुटलं तर चालत्या रस्त्यावर तुटतं. नवा भागच घ्या, नट बसवला की कॉटर पिन दर वेळी नवी घाला. जुनीऐवजी खिळा वाकवून घातलेले ट्रॅक्टर आम्ही पाहिलेत.

पॉवर स्टेअरिंगचं किट बसवावं का, असं बरेच जण विचारतात. बसवता येतं. पण किंगपिन अडलेला असताना किट लावलं तर दोष झाकला जातो, झीज तशीच चालू राहते. आधी वरचं सगळं करा, मग गरज वाटली तर विचार करा. तोपर्यंत चाकं फिरत असतानाच स्टेअरिंग वळवा, आणि अंगठा स्टेअरिंगच्या आत अडकवू नका. ढेकळावर चाक आपटलं की स्टेअरिंग उलटा झटका मारतं, अंगठा मोडतो.

परीक्षा करताना कुठे अडलं ते ग्रुपवर व्हॉइस मेसेजने कळवा. सोबत ड्रॉप आर्मच्या बाजूने काढलेला फोटो आणि बॉक्समधल्या ऑइलचा बोटावरचा फोटो टाका. त्यावरून बरंच सांगता येतं.